पाण्यातल्या झाडाला नेमके काय कमी पडते?

काचेच्या टाकीत पाणवनस्पती वाढवणाऱ्याला आज ना उद्या एक प्रश्न पडतोच. पान पिवळे का पडले? त्यामागोमाग पानांना भोके का पडली, नवा शेंडा वाकडा का आला, महिना झाला तरी रोप जिथल्या तिथे का, हेही प्रश्न येतात. उत्तर म्हणून बहुतेकांच्या हाती एक तक्ता येतो. त्यात पानांची दहा-बारा चित्रे असतात आणि प्रत्येक चित्राखाली एका अन्नद्रव्याचे नाव. पिवळे पान म्हणजे नत्र, भोके म्हणजे पालाश, पांढुरका शेंडा म्हणजे लोह. तक्ता पाहून बाटली आणली जाते, पाण्यात ओतली जाते, पान तसेच राहते, मग दुसरी बाटली येते. हा तक्ता खोटा नाही. शेतातल्या आणि प्रयोगशाळेतल्या पिकांच्या दीर्घ अभ्यासातून तो तयार झाला आहे. पण त्याचा उपयोग सगळ्यांत शेवटी आहे आणि आपण मात्र त्याच्यापासूनच सुरुवात करतो. त्याआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात. रोपाला कार्बन डायऑक्साइड किती मिळतो, बिघाड जुन्या पानात आहे की नव्या, आणि टाकीतले पाणी मुळात आले कुठून. या तिन्हींची उत्तरे मिळाली तर तक्त्यातल्या दहा-बारा शक्यतांपैकी एक-दोनच उरतात.

आधी जी कमतरताच नाही ती बाजूला काढू. दुकानात मिळणारी बरीचशी रोपे रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. त्यांची पाने हवेसाठी घडलेली, जाडसर आणि मेणाचा थर असलेली असतात. टाकीत लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ही पाने पिवळी पडतात, काचेसारखी पारदर्शक होतात आणि गळतात. रोप त्यांच्या जागी पाण्यासाठी योग्य अशी पातळ पाने काढते. या काळात खताचा मारा केला तर फायदा फक्त शेवाळाचा होतो. क्रिप्टोकोरायनी जातीची रोपे तर जागा बदलली, पाणी बदलले, एवढ्या कारणानेही सगळी पाने टाकून देतात. मुळे शाबूत असतील तर पुन्हा फुटतात, उपटून फेकण्याची घाई करू नये. दाट वाढलेल्या खोडरोपांची खालची पाने वरच्या पानांच्या सावलीमुळे गळतात, तिथे कात्री हाच उपाय. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी ३० अंशांच्या वर गेले की रोपाचे श्वसन वाढते, पाण्यात विरघळलेले वायू कमी होतात आणि रोप दिवसा कमावलेले रात्री खर्च करून टाकते. त्याचा थकवा उपासमारीसारखाच दिसतो. त्यावर टाकी थंड ठेवणे आणि दिव्याचे तास कमी करणे एवढेच करण्यासारखे असते.

आता खरी उपासमार. वनस्पतीची वाढ सगळ्या अन्नद्रव्यांच्या बेरजेवर नव्हे, तर गरजेच्या मानाने जे सर्वांत कमी आहे त्यावर ठरते, हा विचार जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्प्रेंगेल याने १८२८ मध्ये मांडला आणि युस्टुस फॉन लीबिग याने १८४० नंतर तो जगभर पोहोचवला. कोणते मूलद्रव्य ‘आवश्यक’ म्हणायचे याची कसोटी आर्नन आणि स्टाउट यांनी १९३९ मध्ये ठरवली. आज ही यादी १७ मूलद्रव्यांची आहे, निकेलची भर त्यात १९८० च्या दशकात पडली. जमिनीवरच्या शेतकऱ्याला या यादीतल्या पहिल्या तिघांचा, म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा, विचार करावा लागत नाही. ते हवेतून आणि पाण्यातून मिळतात. पाण्याखाली मात्र हाच हिशेब उलटतो. रोपाच्या कोरड्या वजनाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग कार्बनचा असतो, आणि हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे जेमतेम ०.६ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. त्यातही हा वायू पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट संथ पसरतो. पानाभोवती स्थिर पाण्याचा एक पातळ थर असतो. त्यातला वायू रोप काही क्षणांत संपवते आणि नवा येईपर्यंत थांबून राहते.

म्हणून टाकीतली सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी ओळखली जाणारी कमतरता कार्बनची असते, असे माझे ठाम मत आहे. ती तक्त्यात बहुधा नसते, कारण तिची एकच अशी ठळक खूण नाही. वाढ मंदावते, नवी पाने आधीच्या पानांपेक्षा लहान येतात, खालची पाने कुजतात, पानांच्या कडांवर काळे झुपकेदार शेवाळ बसते. यातले प्रत्येक लक्षण दुसऱ्या कुठल्या तरी अन्नद्रव्याच्या नावावर खपून जाते. निदान करायला एक चांगला मार्ग आहे, तो म्हणजे रोपारोपांतला फरक. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, इजेरिया या वनस्पती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेऊ शकतात. कॅबोंबा आणि पाण्यातली बहुतेक मॉस यांना ते जमत नाही. एकाच टाकीत व्हॅलिस्नेरिया जोमाने पसरत असेल आणि कॅबोंबा झिजत असेल, तर खताची बाटली उघडण्याआधी कार्बनचा विचार करावा. व्हॅलिस्नेरियाच्या पानांवर खरखरीत पांढरा थर बसला असेल तर पुरावा आणखी पक्का होतो. बायकार्बोनेट वापरताना पानाच्या पृष्ठभागावर साचणारा तो चुना असतो.

दुसरी खूण तरंगत्या वनस्पतींची. डकवीड, पिस्टिया, सॅल्विनिया यांची पाने हवेत असतात, दिव्याच्या सर्वांत जवळ असतात. त्यांना ना कार्बन कमी, ना प्रकाश. ती हिरवीगार असून पाण्याखालची रोपे सुकत असतील, तर पाण्यात विरघळलेले अन्न पुरेसे आहे आणि अडचण वायूची, उजेडाची किंवा पाणी फिरण्याची आहे. तरंगणारी झाडेच फिकट, मुळे मात्र हातभर लांब, असे दिसले तर पाणी खरोखर रिकामे आहे. मूठभर डकवीड जे सांगते ते काही महागड्या चाचणीपेट्यांनाही सांगता येत नाही.

कार्बन कमी पडतो म्हणजे सिलिंडर आणलाच पाहिजे असे नाही. प्रकाश वाढवला की प्रत्येक अन्नद्रव्याची मागणी वाढते, म्हणून दिवा मंद करणे किंवा त्याचे तास सहा-सातवर आणणे हा बिनखर्चाचा आणि बहुतेक घरांत पुरेसा उपाय आहे. डॅनिश संशोधक ट्रोल्स अँडरसन आणि ओले पेडरसन यांनी २००२ मध्ये रिक्सिया या पाणवनस्पतीवर केलेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. कमी प्रकाशातही कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर वाढ सुधारली. कार्बन मिळवण्याच्या यंत्रणेवरचा खर्च वाचला की रोपाला ती शिल्लक उजेड टिपण्यासाठी वापरता येते, असा त्याचा अर्थ. वायू सोडायचाच असेल तर लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास थांबावे. ठरावीक कार्बोनेट असलेल्या निळ्या द्रवाचा ड्रॉप चेकर टाकीत लावला की तो हिरवा होतो, तीच ती पातळी. पिवळा झाला आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागले, तर रोपांचे काय व्हायचे ते होवो, वायू आधी बंद करायचा. रात्री तर तो चालूच ठेवू नये.

कार्बन आणि उजेडाचा मेळ बसला आहे आणि तरीही पाने बिघडतात, तेव्हा दुसरा प्रश्न. जुनी पाने की नवी? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही रोपाच्या आत हलवता येणारी अन्नद्रव्ये आहेत. तुटवडा पडला की रोप ती जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते, म्हणून आधी खालची पाने मरतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन आणि बऱ्याच अंशी मँगनीज एकदा पानात बसली की तिथून हलत नाहीत. त्यांची टंचाई नव्या कोंबात दिसते. हा एकच नियम नीट लावला तर अर्धे निदान हातात येते.

नत्र कमी पडले की जुने पान शिरांसकट सगळेच फिकट होते आणि गळते. मासे कमी आणि रोपे जास्त अशा टाकीत हे हमखास घडते. स्फुरदाची टंचाई ओळखायला अवघड असते. पान पिवळे न पडता उलट गडद राहते, रोप खुजे होते आणि अनुबियाससारख्या संथ रोपांच्या पानांवर हिरव्या ठिपक्यांचे कडक शेवाळ धरते. पालाशच्या अभावी जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पडतात, त्यांच्याभोवती पिवळी किंवा काळपट कड येते. जावा फर्न आणि हायग्रोफिला यांच्यावर हे चटकन दिसते. मात्र भोक दिसले की पालाश हे समीकरण डोळे झाकून मानू नये. गोगलगायी आणि काही शोषक तोंडाचे मासेही पाने कुरतडतात. त्यांनी पाडलेल्या भोकाला पिवळी कड नसते आणि नव्या पानालाही ते सोडत नाहीत. माशांच्या खाद्यातून नत्र आणि स्फुरद बरेच येते, पालाश त्या मानाने कमी, म्हणून भरपूर मासे असलेल्या टाकीतही पालाश तुटू शकते. मॅग्नेशियमच्या अभावी जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. नेमके हेच चित्र नव्या पानात दिसले तर ते लोह. बोरॉन, जस्त, तांबे, मॉलिब्डेनम यांची वेगळी टंचाई घरच्या टाकीत इतकी क्वचित असते की तिच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये. सूक्ष्म अन्नद्रव्यांचे कुठलेही चांगले मिश्रण ती गरज भागवते.

लोहाकडे मात्र महाराष्ट्रातल्या वाचकाने नीट पाहायला हवे, कारण हा प्रश्न आपल्या मातीचाच आहे. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ऊस आणि भुईमूग केवडा पडून पिवळेधमक होतात, ते शेतकऱ्याने पाहिलेले असते. त्या जमिनीत लोह नसते असे नाही. ते भरपूर असते, पण सामू जास्त असल्यामुळे मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. बोअरवेलच्या कठीण, अल्कधर्मी पाण्याने भरलेल्या टाकीत हीच गोष्ट घडते. फेरस रूपातले लोह ऑक्सिजन असलेल्या पाण्यात फेरिक होते आणि गंजासारखे खाली बसते. सामू एका अंकाने वाढला की या क्रियेचा वेग साधारण शंभरपट होतो. म्हणून शेतात फवारतात तसे हिराकस टाकीत टाकून उपयोग नाही. रोपाने उचलण्याआधीच ते निरुपयोगी होते.

यावर उतारा म्हणजे चिलेट. सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले लोह पाण्यात विरघळलेले राहते. पण कोणता रेणू, हे महत्त्वाचे. ईडीटीएची पकड सामू ६.५ च्या पुढे सैल होते, डीटीपीए साधारण ७.५ पर्यंत टिकते आणि ईडीडीएचए ९ पर्यंतही. बाजारातल्या कित्येक स्वस्त मिश्रणांत ईडीटीए असते, आणि ८ सामूच्या पाण्यात ते वापरणारा माणूस महिनोन्‌महिने ‘लोह देतोय, तरी शेंडे पांढरेच’ म्हणत राहतो. त्याने मात्रा वाढवून फरक पडत नाही, चिलेट बदलायला हवे. ईडीडीएचएने पाणी लालसर होते हा त्याचा तोटा, म्हणून थोडेथोडे द्यावे. ग्लुकोनेट रूपातले लोह रोपांना पटकन घेता येते, पण ते फार टिकत नाही, रोज थोडे दिले तर ठीक. शिवाय तेजस्वी दिव्याखाली चिलेट हळूहळू तुटतात, त्यामुळे आठवड्याला एकदा मोठी मात्रा देण्यापेक्षा दोन-तीनदा लहान मात्रा बरी. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम लोह ही अनेक वर्षांच्या अनुभवाने टिकलेली पातळी आहे.

हा आकडा रूढ केला तो जर्मनीच्या कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर यांनी. १९८० च्या दशकात त्यांच्या ‘द ऑप्टिमम अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकाने युरोपातल्या छंदिष्टांना पहिली सुसूत्र पद्धत दिली. कार्बन डायऑक्साइड, रोजचे लोह, वाळूखाली उष्णता देणारी केबल आणि थरात मिसळलेला लॅटराइट, असे तिचे घटक होते. लॅटराइट म्हणजे आपला कोकणातला जांभा. पोत्यांत भरून जर्मनीत विकली जाणारी ती तांबडी माती रत्नागिरी-सिंधुदुर्गात पायाखाली असते. वाळूखालच्या ऑक्सिजनहीन थरात त्यातले फेरिक लोह पुन्हा फेरस होते आणि मुळांना मिळते, ही त्यामागची कल्पना, आणि ती बरोबर आहे. कोकणातल्या ओढ्यांच्या काठी क्रिप्टोकोरायनी स्पायरॅलिस वाढते, कासच्या सड्यावर वायतुरा वाढतो, तेही अशाच लोहयुक्त आणि इतर अन्नांच्या बाबतीत गरीब जमिनीत. उबदार केबलचा उपयोग मात्र पुढे फारसा कोणाला पटला नाही आणि ती जवळपास विसरली गेली. वायतुऱ्याचा उल्लेख केला तो त्याच्या जमिनीसाठी. साताऱ्याच्या परिसरातली ही प्रदेशनिष्ठ वनस्पती टाकीसाठी उपटून आणण्याची नाही.

तिसरा प्रश्न पाण्याच्या उगमाचा, आणि तो आपल्याकडे विचारलाच जात नाही. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांचे पावसाचे मऊ पाणी येते. पुण्यात धरणाचे मऊ पाणी आणि टँकरचे कठीण पाणी एकाच सोसायटीत, एकाच आठवड्यात येऊ शकते. मऊ पाण्यात लोह सहज टिकते, पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी. नवी पाने वळलेली, टोकाला मेलेली येतात. कठीण पाण्यात हे दोन्ही भरपूर, पण लोह आणि मोकळा कार्बन डायऑक्साइड यांची वानवा. म्हणजे दादरच्या टाकीतला उपाय लातूरच्या टाकीला लागू पडेलच असे नाही, आणि कोणी सांगितलेली मात्रा जशीच्या तशी उचलण्यातला धोका इथे आहे. त्यात दोन नव्या गोष्टींची भर पडली आहे. माशांना शुद्ध पाणी द्यावे म्हणून अनेक जण स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी टाकीत भरतात. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ सगळे गेलेले असते, ते परत घातल्याशिवाय रोपेही जगत नाहीत आणि मासेही त्रासतात. आणि सोसायटीचा सॉफ्टनर बहुधा कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, पण रोपाच्या दृष्टीने ते पाणी दोन्हीकडून वाईट असते. अशा ठिकाणी सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचे पाणी घ्यावे.

अन्न द्यायचे किती आणि कुठून, यावर गेल्या चाळीस वर्षांत चार-पाच विचारधारा झाल्या. पॉल सीअर्स आणि केव्हिन कॉनलिन यांनी १९९६ मध्ये घरी बनवण्याच्या स्वस्त द्रावणाची कृती दिली. त्यात पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये होती, फॉस्फेट मुद्दाम नव्हते. स्फुरद तुटीचे ठेवले की शेवाळ उपाशी राहते आणि झाडे जिंकतात, हा त्यांचा तर्क. अमेरिकेच्या टॉम बार यांनी नेमके उलट सांगितले. फॉस्फेट वाढवले म्हणून शेवाळ येत नाही, रोप अडखळले म्हणून येते. सगळेच गरजेपेक्षा थोडे जास्त द्या आणि आठवड्याला निम्मे पाणी बदलून साचलेले काढून टाका. लिटरमागे नायट्रेट ५ ते ३०, फॉस्फेट १ ते ३ आणि पालाश १० ते ३० मिलिग्रॅम हे त्यांचे पल्ले. त्याआधी, १९९९ मध्ये, डायना वॉल्स्टॅड यांनी ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकात तिसरी वाट दाखवली होती. वाळूखाली साधी माती, माफक प्रकाश, भरपूर झाडे आणि माशांचे खाद्य हेच खत. पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम पसंत करतात, हे त्यांनी संशोधनाच्या आधारे ठासून मांडले. जपानचे ताकाशी अमानो यांच्या पद्धतीत पाणी गरीब आणि भाजलेल्या मातीचा थर श्रीमंत. ती माती सुरुवातीच्या आठवड्यांत अमोनियम सोडते, म्हणून मासे उशिरा सोडायचे.

या पद्धतींच्या अनुयायांत कडाक्याचे वाद झाले. माझ्या दृष्टीने त्या वेगवेगळ्या वेगांच्या टाक्यांसाठी आहेत, एवढेच. प्रखर दिवा आणि सिलिंडर असलेल्या टाकीत वॉल्स्टॅड यांच्यासारखे फक्त माशांच्या खाद्यावर चालवले तर झाडे आठवड्याभरात भुकेने झडतात. मंद दिव्याच्या मातीच्या टाकीत बार यांच्या मात्रा दिल्या तर वापरलेच न जाणारे क्षार साठत राहतात. स्फुरद हेच शेवाळाचे कारण, हा समज मात्र मागे टाकायला हवा. त्या भीतीने स्फुरद शून्यावर ठेवलेल्या टाक्यांतच अनुबियासवर हिरवे ठिपके सर्वाधिक दिसतात.

मुळांतून द्यावे की पाण्यातून, हा उपप्रश्न विज्ञानातही गाजला. कॅनडात कारिन्यान आणि काल्फ यांनी १९८० मध्ये दाखवले की तळात रुजलेल्या पाणवनस्पती त्यांचे बहुतेक स्फुरद गाळातून घेतात. डेन्मार्कमध्ये मॅडसन आणि सेडरग्रीन यांनी २००२ मध्ये अन्नसमृद्ध ओढ्यातल्या वनस्पतींची मुळेच काढून टाकली, तरी वाढीत घट झाली नाही. दोन्ही खरे आहे. जिथे मिळते तिथून रोप घेते. एकिनोडोरस, क्रिप्टोकोरायनी, अपोनोजेटन यांच्या मुळांशी खताची गोळी ठेवणे फायद्याचे, आणि जावा फर्न, अनुबियास किंवा मॉस यांना पाण्यातूनच द्यावे लागते. अनुबियासचा कंद वाळूत पुरला तर तो कुजतो, हे जाता जाता.

मोजमापाच्या बाबतीत अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. रोप गरजेपेक्षा जास्त नत्र-स्फुरद साठवून ठेवते, म्हणून पाण्यात नायट्रेट शून्य असूनही ते काही काळ उत्तम वाढते. उलट पाण्यात भरपूर असूनही कार्बनअभावी रोपाला ते वापरता येत नाही. खरे मोजायचे तर पानातच मोजावे लागते. विस्कॉन्सिनच्या गर्लॉफ आणि क्रॉम्बहोल्झ यांनी १९६६ मध्ये तेच केले आणि कोरड्या वजनाच्या १.३ टक्के नत्र व ०.१३ टक्के स्फुरद या मर्यादा ठरवल्या. त्याखाली वाढ अडते. घरी हे शक्य नाही. घरी मोजायचे ते पाण्याचे काठिण्य आणि सामू. नायट्रेटच्या चाचणीत दुसरी बाटली जोरात हलवली नाही तर आकडा खोटा येतो, आणि चिलेटमधले लोह तर बऱ्याच पेट्यांना दिसतच नाही.

खताच्या बाबतीत आपल्याकडे एक मोठी सोय आहे. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांमुळे ठिबकची विद्राव्य खते गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत मिळतात, आणि आयात केलेल्या बाटल्यांत बहुधा तेच क्षार असतात. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, ००:००:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. पोत्यावरचे स्फुरद-पालाशचे आकडे ऑक्साइडच्या हिशेबात असतात, हे लक्षात ठेवून गणित करावे. १०० लिटर पाण्यात १३:००:४५ चे १.७ ग्रॅम टाकले की लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम नायट्रेट आणि ६ मिलिग्रॅम पालाश वाढते. ००:५२:३४ चे ०.१५ ग्रॅम फॉस्फेट १ मिलिग्रॅमने वाढवते. मॅग्नेशियम ५ मिलिग्रॅमने वाढवायला मॅग्नेशियम सल्फेट ५ ग्रॅम. इथे १०० लिटर म्हणजे प्रत्यक्ष पाणी. दगड-वाळू वजा जाता शंभराच्या टाकीत ऐंशीच असते. १९:१९:१९ आणि १२:६१:०० टाळावीत. पहिल्यात युरिया आणि अमोनियम असते, दुसऱ्यात अमोनियम, आणि सामू जास्त असलेल्या पाण्यात अमोनियमचा अमोनिया होऊन मासे मरतात. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पाकिटावर तांब्याचे प्रमाण वाचावे, कोळंबी पाळत असाल तर दोनदा वाचावे. पिकासाठी बनवलेल्या काही मिश्रणांत ते टाकीच्या मानाने फार असते. फॉस्फेट आणि लोह एका बाटलीत मिसळू नयेत, गाळ बनून दोन्ही वाया जातात. एक दिवसाआड द्यावीत.

उपाय लागू पडला की नाही हे बघण्याची जागा म्हणजे नवे पान. बिघडलेले पान पुन्हा हिरवे होईलच असे नाही, आणि पडलेले भोक तर भरतच नाही. तरी लोक त्याच्याकडेच बघत बसतात आणि चौथ्या दिवशी निराश होतात. खराब पाने कापून टाकावीत, एकच बदल करावा आणि वेगाने वाढणाऱ्या खोडरोपाला दोन आठवडे, अनुबियाससारख्याला दोन महिने द्यावेत. काय कमी आहे हे अजिबात कळत नसेल तर एकेक अन्नद्रव्य शोधण्यापेक्षा सगळ्यांचे समतोल मिश्रण कमी मात्रेत सुरू करणे जास्त शहाणपणाचे आहे. पालाशचा अतिरेक मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या शोषणात आड येतो, म्हणजे एकाच बाटलीचा मारा दुसरीच कमतरता निर्माण करतो.

उरला लाल रंगाचा विषय, कारण तिथे कमतरता मुद्दाम राखली जाते. रोटाला रोटंडिफोलियाला नत्र थोडे कमी ठेवले आणि उजेड भरपूर दिला की तिच्या पानांत अँथोसायनिन वाढते आणि ती नारिंगी-लाल होते. छायाचित्रांतल्या कित्येक देखण्या टाक्या अशा अर्धपोटी ठेवलेल्या असतात. रोपाच्या प्रकृतीला ते फार काळ मानवत नाही, शेंडे लहान होत जातात. तरी मर्यादेत ते चालते. ही युक्ती अल्टरनँथेराला मात्र लावू नये. ती आपल्या लाल माठाच्या कुळातली, आणि त्या कुळाचा लाल रंग अँथोसायनिनचा नसून बीटाप्रमाणे बीटालेनचा असतो. त्या रेणूतच नत्र असते. अल्टरनँथेराचे नत्र तोडले तर रंग वाढण्याचे कारण उरत नाही, खालची पाने तेवढी गळतात. तिला लाल ठेवायचे तर उजेड, कार्बन डायऑक्साइड आणि लोहाबरोबर नायट्रेटही पोटभर द्यावे लागते.